मरणाला लहान रंगमंच हवा

लिओ टॉल्स्टॉय यांच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेत एक प्रसंग असा आहे, की तिच्यावर ऑपेरा रचायला बसलेल्या संगीतकाराने तो आधी पुन्हा वाचावा आणि मगच कागदावर पहिला सूर मांडावा. पंचेचाळिशीतला न्यायाधीश इव्हान इलिच घरात असह्य वेदनेने तळमळत पडला आहे. त्याची पत्नी, मुलगी आणि मुलीचा नियोजित वर ठेवणीतले कपडे घालून त्याच्या खोलीत येतात, कारण सारा बर्नहार्ट ही विख्यात फ्रेंच अभिनेत्री शहरात आली आहे आणि नाटकगृहातली जागा आधीच घेऊन ठेवलेली आहे. ती त्यानेच कधीतरी आग्रहाने घ्यायला लावली होती. पत्नी सांगते की तिला स्वतःला त्याच्याजवळच बसायचे होते, पण मुलांना एकटे कसे पाठवायचे. भावी जावई विचारतो की आपण सारा बर्नहार्टला कधी पाहिले आहे का. तिच्या अभिनयाबद्दल बोलणे रंगते, आणि मग एकेकाच्या लक्षात येते की रोगी चकाकत्या डोळ्यांनी समोर एकटक पाहतो आहे. ती शांतता मोडण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. शेवटी मुलगी घड्याळाकडे पाहते आणि सगळे निघतात. त्यांच्याबरोबर खोटेपणाही खोलीबाहेर गेला, असे टॉल्स्टॉय लिहितात. वेदना मात्र मागे राहिली.

या कथेवर रचलेला नवा चेंबर ऑपेरा, म्हणजे मोजक्या गायक-वादकांचा, लहान सभागृहासाठीचा ऑपेरा, पाहायला जो प्रेक्षक येतो, तो तिकीट काढून, बरे कपडे घालून, कदाचित घरी कोणा आजारी माणसाला निरोप देऊन आलेला असतो. म्हणजे तो त्या राखीव जागेतच येऊन बसलेला असतो. एका माणसाच्या मरणाचे गाणे करून ते सभागृहात ऐकवणे हे मुळात योग्य आहे का, हा प्रश्न त्यामुळे केवळ रसिकांच्या आवडीनिवडीचा राहत नाही. समाज मरणाबद्दल कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, या मोठ्या प्रश्नाचाच तो भाग होतो. माझे मत असे आहे की असे ऑपेरा व्हावेत, सार्वजनिक पैशाच्या आधाराने व्हावेत, मात्र त्यांनी लहान राहण्याचे आणि प्रेक्षकाला स्वस्तात धीर न देण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे.

पहिला आक्षेप खुद्द टॉल्स्टॉय यांचाच असता. ‘कला म्हणजे काय?’ या १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी एका ऑपेराच्या तालमीचे वर्णन केले आहे. त्यात एक हिंदुस्थानी राजा गवयाचा वेष घेतो आणि त्याची नियोजित वधू त्या गवयावर भाळते, अशी गोष्ट चाललेली असते. वाद्यवृंदाचा संचालक गायकांना आणि वादकांना गाढवे, मूर्ख म्हणत तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा करायला लावतो, आणि पडद्यामागे कामगार अंधारात, धुळीत राबत असतात. असे हिंदुस्थानी लोक जगात कधी नव्हते आणि असणे शक्यही नाही, ते फक्त दुसऱ्या एखाद्या ऑपेरातल्या लोकांसारखे दिसतात, हा त्यांचा शेरा हिंदुस्थानी वाचकाला आजही मनापासून पटतो. या साऱ्या खटाटोपाचा कोणाला उपयोग, आणि तो कोणाच्या घामावर चालतो, असे ते विचारतात. हा प्रश्न बाजूला सारण्याजोगा नाही. सोनेरी नक्षीच्या भव्य नाट्यगृहात, शंभर वादकांच्या गजरात, मखमली पडद्यामागे इव्हान इलिचचे अंथरूण मांडले, तर तो त्या लेखकाचा आणि त्या रोग्याचाही अपमान ठरेल.

चेंबर ऑपेरा हे या आक्षेपाला मिळालेले उत्तर आहे, जरी ते टॉल्स्टॉय यांना उद्देशून दिलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पैसा नव्हता, सामग्री नव्हती आणि गावोगावी फिरू शकेल अशा रंगभूमीची गरज होती, तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी १९४६ मध्ये आठ गायक आणि डझनभर वादकांवर भागणारा ऑपेरा लिहिला, पुढच्या वर्षी त्यासाठी सहकाऱ्यांसह एक फिरती मंडळी उभी केली, आणि १९५४ मध्ये व्हेनिसला तेरा वादकांच्या बळावर दोन मुलांची आणि भुतांची गोष्ट अशी मांडली की लहान वाद्यमेळ ही अडचण नसून ताकद आहे, हे सर्वांना कळले. तेरा वादकांत प्रत्येक वाद्य एकटे असते. त्याला गर्दीत लपता येत नाही. क्लॅरिनेटचा श्वास, व्हायोलाच्या तारेवर गज घासल्याचा खरखरीतपणा, पियानोची कळ सुटल्यावर उरणारा लाकडाचा हलका आवाज, हे सारे तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाला ऐकू येते. मरणाच्या खोलीतले आवाज असेच असतात. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही आणि म्हणूनच सगळे ऐकू येते.

ही कथा वाचताना मला दर वेळी वाटते की टॉल्स्टॉय यांना ऑपेराचा कितीही तिटकारा असला, तरी त्यांचा कान पक्का संगीतकाराचा होता. पहिल्याच प्रकरणात, मृताच्या घरी सांत्वनाला आलेला त्याचा मित्र एका खचलेल्या स्प्रिंगच्या बैठकीवर बसतो आणि ती कुरकुरते. विधवा रडते, निवृत्तिवेतनाची रक्कम वाढवून मिळेल का याचा अंदाज घेते, आणि बैठक कुरकुरत राहते. हा आवाज ज्या संगीतकाराला ऐकू येणार नाही, त्याने या कथेच्या वाटेला जाऊ नये. त्याहून मोठे उदाहरण शेवटच्या प्रकरणातले आहे. मरणापूर्वी तीन दिवस इव्हान इलिच सतत ओरडत असतो, आणि दोन दारांपलीकडेही ते ऐकवत नाही. ती किंकाळी शब्दातून निघालेली आहे, हे टॉल्स्टॉय आवर्जून सांगतात: ‘मला नको’ या अर्थाचे रशियन शब्द, ‘न्ये खाचू’, तो ओरडू लागला आणि त्यातला शेवटचा ‘ऊ’ तसाच लांबत राहिला. शब्द संपला, स्वर उरला. गायनाचा जन्म कुठे होतो याचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. हे मराठीत गायचे झाले तर ‘नको’मधला ‘ओ’ लांबेल, आणि त्या ‘ओ’चा रंग वेगळा असेल, कारण ‘ऊ’ ओठ मिटत नेणारा स्वर आहे आणि ‘ओ’ त्यामानाने उघडा. संहितेच्या भाषांतरात असे स्वर हरवतात म्हणून हा ऑपेरा रशियनमध्येच गायला जावा, असा हट्ट मी धरणार नाही. पण ज्या भाषेत तो गायला जाईल, त्या भाषेतला नकाराचा स्वर कोणता, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मराठी प्रेक्षकाला दुःखाच्या ऐन भरात माणूस गाऊ लागतो याचे नवल वाटणार नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त बालगंधर्वांची सिंधू दारिद्र्याच्या तळाशी पोचूनही गात होती, आणि ते खोटे आहे असे कोणी म्हणाले नाही. परंतु त्या गाण्यात दुःख सुरेल होऊन आपल्याला सोसवेसे होते. इव्हान इलिचच्या बाबतीत नेमकी हीच सोय नाकारावी लागेल.

सोय नाकारणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला रशियन साहित्यातूनच निघालेला दुसरा, कमी माहितीचा ऑपेरा पाहावा. चेखव यांच्या ‘रॉथचाइल्डचे व्हायोलिन’ या १८९४ च्या कथेतला याकोव शवपेट्या बनवतो आणि आयुष्यभराचे नुकसान वहीत टिपून ठेवतो. बायको मरायला टेकते तेव्हा ती जिवंत असतानाच तो लोखंडी मोजपट्टीने तिचे माप घेतो, पेटी करतो आणि वहीत लिहितो: मार्फा इव्हानोवाची पेटी, दोन रुबल चाळीस कोपेक. ती त्याला पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या सोनेरी केसांच्या बाळाची आठवण करून देते. त्याला ते बाळ आठवतच नाही. ही कथा ऑपेरासाठी निवडली ती लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयातल्या व्हेनियामिन फ्लाइशमन या, विख्यात रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांच्या, विद्यार्थ्याने. १९४१ मध्ये शहराच्या रक्षणासाठी तो लोकसैन्यात गेला आणि त्याच वर्षी मारला गेला. अपुरी राहिलेली रचना शोस्ताकोविच यांनी युद्ध चालू असतानाच पूर्ण केली आणि १९४४ मध्ये तिची वाद्ययोजना हातावेगळी केली. एकाच अंकाचा, पाऊण तासाच्या आसपासचा हा ऑपेरा सोव्हिएत रंगमंचावर यायला १९६८ उजाडले. मरणाविषयीची ही कलाकृती तिच्या कर्त्याच्या मरणाने अर्धवट राहिली आणि गुरूने हातात घेऊन पुरी केली, हे मी तिच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून सांगत नाही. दोन रुबल चाळीस कोपेकचा हिशोब जिथे ऐकू येतो, तिथे मरणाला भव्य करण्याची गरज पडत नाही, एवढेच मला या रचनेतून दाखवायचे आहे.

शोस्ताकोविच यांनी हाच विचार पुढे १९६९ च्या आपल्या चौदाव्या सिंफनीत अधिक स्पष्टपणे मांडला. तिला सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, म्हटले असले तरी एकोणीस तंतुवाद्ये, तालवाद्ये, एक स्त्रीस्वर आणि एक खर्जाचा पुरुषस्वर यांनी मिळून गायलेल्या मृत्यूविषयीच्या अकरा कविता, असे तिचे रूप आहे, आणि ती ब्रिटन यांनाच अर्पण केलेली आहे. मॉस्कोतल्या बंदिस्त तालमीआधी बोलताना त्यांनी थोर संगीतकारांच्या मृत्युप्रसंगांवर आक्षेप घेतला होता: ऑपेरातला बोरिस गोदुनोव असो, ओथेल्लो असो वा आईदा, नायक मरतो आणि संगीतात कसलातरी उजेड पसरतो, जणू पलीकडे काहीतरी चांगले वाट पाहत आहे. त्यांना तो उजेड मान्य नव्हता. या बाबतीत आपण मुसोर्गस्की या जुन्या रशियन संगीतकाराच्या मृत्युगीतांच्या वाटेने जात आहोत, असे ते सांगत. श्रद्धावान वाचकाला त्यांची ही भूमिका कठोर वाटेल, आणि माझीही तिच्याशी पूर्ण सहमती नाही. पण मरणाला गोड करणाऱ्या संगीताविषयीचा त्यांचा संशय प्रत्येक नव्या संगीतकाराने निदान एकदा तरी मनात वागवावा.

कारण टॉल्स्टॉय यांच्या कथेत शेवटी खरोखरच उजेड आहे. इव्हान इलिचला मरणाऐवजी प्रकाश दिसतो. इथे संगीतकाराचा पाय घसरण्याची भीती सर्वांत मोठी आहे. एक लांब, शांत, सुरेल स्वरसंगती आली, की प्रेक्षकाचे डोळे पाणावतील आणि तो समाधानाने घरी जाईल. परंतु कथेत पुढचेच वाक्य हे समाधान काढून घेते. त्याच्यासाठी हे सारे एका क्षणात घडले, मात्र तिथे उभ्या असलेल्यांच्या दृष्टीने त्याच्या यातना आणखी दोन तास चालल्या, असे लेखक नोंदवतो. गद्याला हे दोन काळ एकापाठोपाठ एक सांगावे लागतात. संगीताला ते एकाच वेळी ऐकवता येतात: गळ्यात तो क्षण आणि वाद्यांत घशाची घरघर, एकमेकांवर, एकमेकांना न पुसता. या कथेचा ऑपेरा का करावा, याचे माझ्या मते हेच एक कारण पुरेसे आहे.

गेरासिमविषयीही काळजी घ्यावी लागेल. हा तरुण शेतकरी नोकर रात्र रात्र मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण तसे धरले की त्याची वेदना कमी होते. आपण सगळेच मरणार आहोत, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत आहे, एवढेच तो म्हणतो. त्याच्या तोंडी मोठे, भावपूर्ण पद घालण्याचा मोह होईल, आणि तो टाळलाच पाहिजे. घरातले सगळे गातात तेव्हा गेरासिमने जवळजवळ बोलावे. त्याचा खरेपणा त्याच्या कमी आवाजात आहे. याउलट डॉक्टरांना हवे तेवढे गाऊ द्यावे. मूत्रपिंड जागचे सरकले आहे की दुखणे आंत्रपुच्छाचे आहे, यावर ते घोळ घालतात, आणि मी जगणार की नाही हा रोग्याचा प्रश्न त्यांना अप्रस्तुत वाटतो. आपण न्यायासनावरून आरोपीकडे जसे पाहत होतो, तसेच हा माणूस आपल्याकडे पाहतो आहे, हे न्यायाधीश असलेल्या इव्हान इलिचच्या ध्यानात येते.

या कथेचे बीज टॉल्स्टॉय यांना रशियातल्या ‘तुला’ या शहराच्या न्यायालयातल्या इव्हान इलिच मेचनिकोव्ह या अधिकाऱ्याच्या १८८१ मधल्या मृत्यूतून मिळाले. त्याचा धाकटा भाऊ इल्या मेचनिकोव्ह पुढे १९०८ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला, आणि वार्धक्याचा तसाच मृत्यूचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, असा आग्रह त्याने धरला. एका मरणातून एकीकडे कथा निघाली आणि दुसरीकडे संशोधनाची तहान.

इव्हान इलिचला सर्वांत जास्त छळते ते दुखणे नव्हे, तर त्याच्याभोवतीचे खोटे बोलणे. तो मरतो आहे हे सर्वांना माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, तरी तो केवळ आजारी आहे आणि औषध घेतले की बरा होईल, या नाटकात त्यालाही भाग घ्यायला लावतात. हे वाचताना मला रशिया परका वाटत नाही. माझ्या आत्याच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावून निदान सांगितले आणि तिला काही सांगायचे नाही, असे आम्ही तिथेच उभ्या उभ्या ठरवले. ती विचारायची, ‘मी बरी होईन ना रे?’ आणि आम्ही म्हणायचो, ‘अगं, अशक्तपणा आहे नुसता.’ एके दिवशी तिने विचारणे सोडले. तिला आमची दया आली असावी, असे मला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले, आणि त्या शेवटच्या आठवड्यांत तिला काही बोलायचे असेल तर ते आम्ही बोलू दिले नाही, ही खंत आजही आहे.

हा प्रश्न एका घराचा नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये, म्हणजे या कथेच्या शंभराव्या वर्षी, शांती अवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. तिथे येणाऱ्या कर्करुग्णाला बरे करण्याचा दावा नव्हता, त्याची वेदना हलकी करण्याचे वचन होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राची (‘लिव्हिंग विल’ची) वैधता मान्य केली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट कार्यपद्धती सोपी केली. परंतु आपल्या आजाराविषयी ज्याला घरचे लोक खरे सांगतच नाहीत, त्याला असा कागद लिहायला कधी सुचणार? कायद्याने दार उघडले आहे. दारापर्यंत जाण्यासाठी लागणारी भाषा मात्र घराघरांत नाही. ती भाषा न्यायालय देऊ शकत नाही आणि रुग्णालयही एकटे देऊ शकत नाही. शंभर-दीडशे माणसे एका खोलीत बसून तास-दीड तास एका माणसाला खोटे बोलणाऱ्यांचे आवाज आणि त्यांच्या मधला एक खरा आवाज वेगवेगळे ऐकतात, तेव्हा ती थोडी तयार होते.

म्हणून अशा निर्मितीमागे सार्वजनिक पैसा असावा, असे मी म्हणतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कलांना सार्वजनिक पैसा देणाऱ्या इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने इंग्लिश नॅशनल ऑपेराचे वर्षाला सुमारे एक कोटी सव्वीस लाख पौंडांचे नियमित अनुदान थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि ऑपेराने आता लहान, वेगळ्या जागी जावे, असा युक्तिवाद त्याच्या आगेमागे ऐकू येऊ लागला. लहान ऑपेराचा कैवार घेणाऱ्याने या युक्तिवादात आपला आवाज मिसळू नये. तेरा वादकांत एकटे वाजवू शकणारा क्लॅरिनेटवादक मोठ्या वाद्यवृंदातच वर्षानुवर्षे घडतो, आणि कुजबुजीतही सूर सांभाळणारा गायक मोठ्या सभागृहात आवाज भरून काढायला शिकलेला असतो. चेंबर ऑपेरा लहान असतो तो कलेच्या गरजेने. तिजोरीच्या सोयीने त्याला लहान करणे ही वेगळी गोष्ट आहे.

युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन साहित्य आणि संगीत काही काळ बाजूला ठेवावे, ही मागणीही झाली आहे. ज्यांच्या गावांवर बाँब पडतात त्यांच्या तोंडून ती आली तर मी वाद घालणार नाही. पण टॉल्स्टॉय यांनी १९०४ मध्ये स्वतःच्या देशाच्या जपानविरुद्धच्या युद्धाचा उघड धिक्कार केला होता, आणि त्याआधी १९०१ मध्ये त्यांच्या चर्चने त्यांना बहिष्कृत केले होते. आजच्या रशियन सत्तेच्या पदरात त्यांना आपणहून टाकून देणे मला पटत नाही.

प्रयोग कुठे व्हावा, याविषयी मी शेवटचे एवढे सुचवीन की पहिला प्रयोग नाट्यगृहात होण्याआधी तो एखाद्या हॉस्पिसच्या सभागृहात, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांसमोर व्हावा, आणि कुठे खोटे वाटले ते त्यांनी सांगावे. विशेषतः शेवटाविषयी. कथेतला इव्हान इलिच मुलाकडे आणि पत्नीकडे पाहून ‘क्षमा करा’ म्हणू पाहतो, पण जीभ वळत नाही आणि ‘जाऊ द्या’ असा दुसराच शब्द बाहेर पडतो. रशियनमध्ये ‘प्रस्ती’ म्हणायचे ते ‘प्रपुस्ती’ होते, आणि ते दुरुस्त करण्याचे बळ त्याच्यात उरत नाही. मग तो श्वास आत घेतो आणि श्वास अर्ध्यावरच थांबतो. प्रत्येक गायक सूर लावण्याआधी नेमके हेच करतो, आणि तेरा वादकांचे हात त्याच क्षणी वाद्यांवर उचललेले असतात. कोणीही सूर लावू नये. हात तसेच वर राहावेत.